कवळीवाल्यांचे फॉलोअर्स

माणसाला एकच वेड असावं, आणि तेही पोटाशी जुळणारं असावं. कवळीवाल्यांना दोन होती. एक पोट भरणारं आणि दुसरं त्याच पोटावर पाय देणारं.

पहिलं अर्थात कवळ्यांचं. बाजारामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे घेऊन तिथे पाठवायचे. कवळीवाले ठशात प्लास्टर ओतून जबडा उठवायचे, त्यावर मेण चढवायचे, मेणात एकेक दात रोवायचे, आणि डॉक्टरांकडून चाचणी होऊन आली की पक्की कवळी करायचे. खिडकीच्या कट्ट्यावर जबडे ओळीने वाळत पडलेले असायचे. नवा कुरिअरवाला पहिल्यांदा आला की उंबऱ्यातच थबकायचा आणि पाकीट लांबूनच सरकवायचा. पण हात असा की बोलायची सोय नाही. ते म्हणायचे, "सगळे दात एका रांगेत लावले की कवळी लगेच ओळखू येते. एखादा जरा तिरका बसवायचा, एखादा थोडा पिवळट घ्यायचा. मग घरचेसुद्धा फसतात."

दुसरं वेड कादंबऱ्या लिहायचं. हातातलं प्लास्टर धुतलं की त्याच टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यात ते लिहायला बसायचे. पहिली कादंबरी छापून आली तेव्हा ती मोजून दोघांनी वाचली. एक प्रुफं तपासणारा, त्याला दुसरा इलाज नव्हता. आणि दुसऱ्या वहिनी. घरात आलेला छापील कागद न वाचता ठेवणं वहिनींच्या स्वभावातच नव्हतं. औषधाच्या खोक्यातलं मुंगीच्या अक्षरातलं चिठोरंसुद्धा त्या भिंग लावून वाचायच्या आणि मग डॉक्टरांची उलटतपासणी घ्यायच्या.

या वहिनी म्हणजे कवळीवाल्यांच्या थोरल्या भावाची बायको. आईवडील लवकर गेले, मागोमाग भाऊही गेला, आणि शाळेत जाणाऱ्या कवळीवाल्यांना वाढवलं ते वहिनींनी. त्या हॉस्पिटलात नर्स होत्या. पदरात स्वतःची तान्ही मुलगी, त्यात हा दीर. रात्रपाळ्या मागून घ्यायच्या, सकाळी घरी येऊन दोघांना आंघोळी घालायच्या, आणि मग झोपायच्या की नाही ते त्यांनाच ठाऊक. लाड नावाचा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. खूश असल्या की "बाळ्या" म्हणायच्या, बिनसलं की "भावजी" आणि अहोजाहो. बाळ्याचे केस पांढरे झाले तरी हा कायदा बदलला नाही.

दुसरी कादंबरी या वहिनींवरच होती. नावं बदललेली, गाव बदललेलं, पण बाई तीच. आणि त्या कादंबरीत एक प्रकरण असं होतं, की खरं सांगायचं तर बाकीची कादंबरी त्या प्रकरणाला आधार म्हणूनच लिहिली होती. कवळीवाले बारा वर्षांचे असताना एकदा हॉस्पिटलात वहिनींना डबा द्यायला गेले होते. मोठ्या साहेबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत साहेब वहिनींना सांगत होते, की दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात मेट्रनची जागा आहे, राहायला क्वार्टर आहे, मुलीला खुशाल घेऊन जा. फक्त दीर चालणार नाही, त्याला वसतिगृहात टाका. वहिनी म्हणाल्या, "मग मला पद नको, साहेब." बाहेर आल्या, डबा घेतला आणि विचारलं, "जेवलास का?" बस्स. त्यानंतर जन्मात त्यांनी तो विषय काढला नाही. कवळीवाल्यांनीही काढला नाही.

चाळीस वर्षं एकच वाक्य या माणसाच्या घशाशी अडकलं होतं: वहिनी, मला माहीत आहे. तोंडाने म्हणवत नव्हतं, म्हणून त्यांनी कादंबरी लिहिली. माणसं याहून फुटकळ कारणांसाठी लिहितात.

बायको म्हणाली, "अहो, मग ती वही नेऊन द्या की त्यांच्या हातात. छापायची वाट कशाला बघता?"

"हातात दिली की ते पत्र होतं. मग त्यांनाही लाज वाटणार आणि मलाही. पुस्तक झालं की ती गोष्ट परक्याची होते. वहिनींनी वाचावं, समजून घ्यावं, आणि कोणी काही बोलू नये."

"धन्य आहे तुमच्या घराण्याची," बायको म्हणाली.

पण वेळ थोडा होता. साखरेने वहिनींची नजर उणावत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की आहे तोवर वाचून घ्या. म्हणून कवळीवाले हस्तलिखित काखोटीला मारून प्रकाशकाकडे गेले.

प्रकाशकाने हस्तलिखित हातात घेतलं, भाजीवाल्यासारखं वजन केलं आणि टेबलाच्या कडेला ठेवून दिलं. मग खुर्चीत रेलून विचारलं, "किती आहेत तुमचे?"

कवळीवाले धंद्याच्या सवयीने म्हणाले, "वरचे सगळे शाबूत आहेत. खालची एक दाढ काढली."

"दात नाही हो! फॉलोअर्स! सोशल मीडियावर किती जण आहेत मागे?"

मागे कोणीच नव्हतं. प्रकाशकाने सुस्कारा सोडला. "साहेब, पुस्तक चांगलं असून हल्ली भागत नाही. चांगली पुस्तकं माझ्या गोदामात धूळ खातायत. पाच हजार माणसं मागे घेऊन या, उद्या छापतो. शब्द आहे माझा."

आता तिथेच नमस्कार घालून उठायला हवं होतं की नाही? पण गरजवंताला अक्कल नसते. कवळीवाले "आणतो" म्हणाले आणि घरी आले. जणू काही पाच हजार माणसं म्हणजे पाव किलो प्लास्टर.

मदतीला धावली पुतणी, म्हणजे वहिनींची मुलगी. ती दुकानांची फेसबुक-इन्स्टाग्रामची पानं सांभाळायची. एक चपलांचं दुकान, एक जिम आणि एक पाळीव कुत्र्यांचा न्हावी, एवढी तिची गिऱ्हाइकं. तिने काकांना समोर बसवलं. "काका, पहिली गोष्ट लक्षात ठेवा. लोकांना पुस्तक नको असतं, लेखक हवा असतो. तो कुठे बसतो, काय पितो, कधी रडतो."

"मी रडत नाही."

"मग शिका. सकाळी एक विचार टाकायचा, दुपारी फोटो, संध्याकाळी व्हिडिओ. आणि शेवटी प्रश्न विचारायचा. 'तुम्हाला काय वाटतं?' असं."

"मला खरंच कुठे जाणून घ्यायचंय त्यांना काय वाटतं ते?"

"त्यांनाही कुठे सांगायचंय, काका! पण विचारायचं असतं."

पहिला व्हिडिओ कामाच्या खोलीतच केला. कवळीवाले ताठ उभे राहून साहित्य आणि जीवन यांवर बोलले, आणि मागे कट्ट्यावर अठरा-वीस जबडे आ वासून ऐकत होते. प्रतिसाद आले तीन. एकाने विचारलं, खालची कवळी सैल होते, काय करावं? दुसऱ्याने दर विचारला. तिसऱ्या वहिनी होत्या. त्यांनी लिहिलं होतं, "शर्टाचं वरचं बटण तुटलंय."

दोन महिने असेच पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांना 'लिहिते हात' सापडले, किंवा लिहित्या हातांना ते सापडले म्हणा. हा लेखकांचा गट होता. गटाच्या प्रमुखांना सगळे ताई म्हणायचे. ताईंनी आत घेतानाच नियम सांगितला: गटातल्या कोणी काही लिहिलं, की बाकीच्यांनी तिथे जाऊन कौतुक करायचं. लगेच करायचं आणि मनापासून करायचं. आपण त्यांना फॉलो करायचं, त्यांनी आपल्याला. उंटाने गाढवाच्या गळ्याचं कौतुक करावं आणि गाढवाने उंटाच्या रूपाचं, ही गोष्ट जुनीच. इथे दोघेही हजारांनी होते, एवढाच काय तो फरक.

सुरुवातीला कवळीवाले बिचारे वाचून कौतुक करायचे. एक कविता नीट वाचायची, तिच्यात बरं काय आहे ते शोधायचं, मग लिहायचं. तोवर आणखी तीस कविता येऊन पडलेल्या असायच्या. ताईंनी समज दिली, "सर, तुम्ही फार मागे पडता. नियम म्हणजे नियम." मग त्यांनी धंद्यातली युक्ती काढली. साचे केले. 'काळजाला हात घातलात.' 'शब्दच अपुरे आहेत.' 'निःशब्द.' 'अप्रतिम! असंच लिहीत राहा, पुढच्याची वाट पाहतोय.' हे सगळं फोनमध्ये भरून ठेवलं आणि आलटून पालटून लावत सुटले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एका तोंडाची कवळी दुसऱ्या तोंडाला चालवली नव्हती, तो आता एकच वाक्य दोनशे तोंडांना बसवत होता.

एकदा तर कहर झाला. गटातल्या एका कथालेखकाने सासऱ्यांच्या निधनाची बातमी टाकली. कवळीवाल्यांनी फोटो पाहिला, साचा काढला आणि लावून मोकळे. 'अप्रतिम! असंच लिहीत राहा, पुढच्याची वाट पाहतोय.' संध्याकाळी बायकोने ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्या अंगाचं पाणी पाणी झालं. माफी मागायला म्हणून घाईघाईने फोन उघडला, तर त्या गृहस्थांचं उत्तर आधीच येऊन बसलेलं: 'मनःपूर्वक आभार, सर. आपल्यासारख्या जाणकारांमुळेच बळ येतं.'

"बघा," बायको म्हणाली, "तुम्ही वाचलं नाही आणि त्यांनीही वाचलं नाही. फिट्टंफाट."

कामाचेही हाल व्हायला लागले. एक हात मेणात, एक हात फोनवर. एका डॉक्टरांनी फोन करून विचारलं, की आजोबांच्या तोंडात तुम्ही सिनेमातल्या नटाचे दात का बसवलेत? खरंच, दात पांढरेशुभ्र आणि शिस्तीत एका रांगेत लागले होते. कवळीवाल्यांनी ती कवळी परत मागवली, हातात धरून बराच वेळ बघत बसले आणि मग खजील होऊन पुन्हा केली.

मधूनमधून वहिनींचा फोन यायचा. "पुस्तकाचं काय झालं रे, बाळ्या?"

"होतंय, वहिनी. आधी माणसं जमवतोय."

"लग्न आहे का कुणाचं? पुस्तक लिहिलंस ना? मग छाप आणि दे. मला आता संध्याकाळचं वाचायला दिसत नाही, दिवसाउजेडीच काय ते."

हे ऐकलं की कवळीवाले आणखी जोराने कौतुकं करत सुटायचे. दीड वर्षात पाच हजार पुरे झाले. आता ते कॅमेऱ्यासमोर असे बोलायचे, की बाजारातल्या औषध विकणाऱ्यानेही ऐकत राहावं. प्रकाशकाने मात्र शब्द पाळला. कादंबरी छापायला गेली. कवळीवाल्यांनी प्रुफं स्वतः तपासली, ते प्रकरण चारदा तपासलं, आणि जीव भांड्यात पडला.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. कवळीवाल्यांना भरून आलं. एवढी माणसं आपल्यासाठी! मग हळूहळू लक्षात आलं, की प्रत्येकाच्या खांद्याला पिशवी आहे आणि प्रत्येक पिशवीत त्याचं स्वतःचं पुस्तक आहे. जो तो व्यासपीठावर यायचा, आपलं पुस्तक त्यांच्या हातात द्यायचा, फोटो काढायचा आणि त्यांच्या पुस्तकाची भेटप्रत घेऊन जायचा. गटाचा तो रिवाजच होता. ताईंनी भाषण केलं. कादंबरी काळजाला हात घालते म्हणाल्या. रात्री कवळीवाले घरी आले ते इतरांच्या पुस्तकांची दोन पोती घेऊन. बायकोने पोत्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "दुकान टाकायचंय का?"

वहिनी आल्या नव्हत्या. त्याच दिवशी त्यांच्या डोळ्यात इंजेक्शन होतं. त्यांची प्रत पुतणीने नेऊन दिली.

मग सुरू झाला कौतुकाचा पूर. अप्रतिम, निःशब्द, काळीज, अंगावर काटा. आपलेच साचे आपल्याकडे परत येतायत हे कवळीवाल्यांना दिसत होतं, नाही असं नाही. पण मन कसं असतं बघा. दुसऱ्याला आपण खोटंच म्हटलं होतं, पण आपल्याला म्हणतायत ते खरं असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली. एका समीक्षकाने तर लांबलचक लिहिलं होतं: 'कादंबरीच्या मध्यावर येणारी केसांची प्रतिमा विलक्षण आहे. गळणारे केस म्हणजे गळत जाणारी नाती.' कवळीवाले जरा चरकले. आपण केसांबद्दल कुठे लिहिलंय? पण मग म्हणाले, असेल. लेखकाला जे दिसत नाही ते समीक्षकाला दिसतं. आणि त्याला साचा लावून टाकला, 'शब्दच अपुरे आहेत.'

प्रत्येक घंटीला ते दचकत होते, पण वहिनींचा फोन काही येत नव्हता. त्यांना त्या प्रकरणापर्यंत पोचायला किती दिवस लागतील याचा ते मनात अंदाज करत होते. पोचल्यावर काय होईल? काहीच बोलणार नाहीत, हे नक्की. पण पुढच्या वेळी बघताना वेगळं बघतील. तेवढं पुरे होतं त्यांना.

फोन आला तो भर दुपारी. हातात मेण होतं.

"भावजी."

भावजी! म्हणजे वाचलं, आणि आवडलं नाही.

"काय झालं, वहिनी?"

"मला एवढंच सांगा. ती नर्स साहेबांच्या खोलीत शिरली. आत काय झालं ते कळायच्या आत तुम्ही कोंड्यावर कुठे घसरलात?"

"कोंड्यावर?"

"'डोक्यातील कोंडा हा केवळ थंडीचा विकार नव्हे.' पान सत्त्याण्णव. आधी म्हटलं, असेल काही नव्या पद्धतीचं, तुम्हा लेखकांचा काय नेम. म्हणून भिंग लावून वाचलं सगळं. टक्कल कशाने पडतं, कंगवा कसा धुवावा, ओले केस का विंचरू नयेत. सोळा पानं! माझे दोन दिवस गेले त्यात. आणि एकशे तेरा पानावर ती बाई एकदम खोलीच्या बाहेर उभी, आणि त्या पोराला विचारतेय, जेवलास का. अहो, पण आत काय झालं?"

कवळीवाल्यांनी मेणाच्या हातानेच पुस्तक उघडलं. कोंडा. दुसरी प्रत उघडली. कोंडा. खोक्यातल्या सगळ्या प्रती उघडल्या. सगळीकडे कोंडा. आणि मग लक्षात आलं, की मुखपृष्ठाचे फोटो काढले, अर्पणपत्रिकेचे काढले, पुस्तकाचा वास घेतानाचा व्हिडिओसुद्धा काढला, पण मधलं पान आपणही उघडलं नव्हतं.

त्यांनी तावातावाने प्रकाशकाला फोन केला. प्रकाशक मात्र थंड. "बाइंडरचा घोळ दिसतोय. दोन पुस्तकं एकाच वेळी बांधायला होती, एकेक फर्मा इकडचा तिकडे गेला. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी हो. तक्रारी किती आल्या?"

"एक. माझ्या वहिनींची."

"एवढ्या कौतुकात एकच? मग कशाला उकरता? लोक तर खूश आहेत."

"आणि माझी सोळा पानं? ती कुठे गेली?"

"ती केसांच्या पुस्तकात. तिथून मात्र डोकं उठवलंय लोकांनी. फोनवर फोन. केसांच्या पुस्तकाचे वाचक फार काटेकोर असतात, ओळ न् ओळ वाचतात. एक बाई तर विचारत होत्या, की कोंड्याचं राहू द्या, त्या नर्सचं पुढे काय झालं?"

कवळीवाल्यांना हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. त्या बाईंचा पत्ता मात्र त्यांनी मागून घेतला आणि कादंबरीचं आख्खं हस्तलिखित झेरॉक्स करून पाठवून दिलं.

मग त्यांनी आपल्या पानावर सरळ लिहिलं: 'माझ्या कादंबरीत पान सत्त्याण्णव ते एकशे बारा ही पानं चुकून दुसऱ्याच पुस्तकाची लागली आहेत. ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांनी कृपया कळवावं, योग्य पानं पाठवतो.' मनात धाकधूक होती. लोक चिडतील, हसतील, जाब विचारतील. विचारू देत, निदान बोलणं तरी खरं होईल.

घटकाभरात शंभरावर उत्तरं आली. 'अभिनंदन, सर! पुढील वाटचालीस शुभेच्छा.' 'निःशब्द.' 'पान सत्त्याण्णव म्हणजे तर कळस!' ताईंनी लिहिलं, 'तुमच्या लेखणीचं हे नवं वळण फार भावलं.' आणि ज्यांचे सासरे वारले होते त्या गृहस्थांनी लिहिलं, 'असंच लिहीत राहा.' पानं एकानेही मागितली नाहीत.

कवळीवाले खूप चिडले. पण चिडायचं तरी कोणावर? यातला एकेक साचा त्यांनी स्वतःच्या हाताने लोकांना लावला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या लिहिण्याची लाज वाटली. फोन पालथा ठेवला, ती सोळा पानं छापून घेतली, शर्टाच्या आत सरकवली आणि वहिनींच्या घरी गेले.

वहिनी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. डोळ्यात औषध घातलेलं, शेजारी भिंग आणि पुस्तक, सत्त्याण्णव पानाशी दोऱ्याची खूण. कवळीवाल्यांनी पानं पुढे केली.

"मला आज धुरकट दिसतंय," वहिनी म्हणाल्या. "तूच वाच."

हे काही त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. त्यांचा बेत होता पानं द्यायची आणि चहा न घेता सटकायचं. पण वहिनींनी स्टुलाकडे बोट दाखवलं. बसले. घसा खाकरला आणि सुरू केलं.

"असा काय वाचतोयस?" वहिनी म्हणाल्या. "दुकान उघडल्यासारखा! घरी आहेस, नीट वाच."

कवळीवाल्यांनी आवाज खाली आणला. हॉस्पिटलाचा जिना झाला, फिनेलचा वास झाला, डबा घेऊन आलेला पोरगा झाला, अर्धवट उघडं दार झालं. वहिनी हलल्या नाहीत. साहेब बोलायला लागले. मेट्रनची जागा. क्वार्टर. मुलीला खुशाल आणा. "फक्त दीर..."

आणि कवळीवाल्यांची दातखीळ बसली. पाच हजार लोकांपुढे रोज बोलणारा माणूस, समोर एक म्हातारी बाई, आणि पुढची ओळ काही केल्या तोंडातून फुटेना. अक्षरं दिसत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मग वहिनी खिडकीकडे बघत म्हणाल्या, "'मग मला पद नको, साहेब.' असं म्हणाले होते मी. तेच लिहिलंयस ना?"

त्यांनी मान हलवली.

"तुला कोणी सांगितलं?"

"दाराबाहेर होतो. डबा घेऊन."

"तेव्हापासून माहीत आहे?"

"तेव्हापासून."

वहिनींनी पदराने डोळ्यातून ओघळलेलं औषध टिपलं. औषध होतं की आणखी काही, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. "आणि मी जन्मभर जपलं, की या पोराला कळायला नको. कळलं तर ओझं होईल त्याला."

"ओझं नाही झालं, वहिनी," कवळीवाले म्हणाले, आणि आता आवाज आला तो भलताच आला, बारा वर्षांच्या पोराचा. "कोणीतरी आपल्यासाठी नाही म्हटलंय, हे माहीत होतं म्हणून तर उभा राहिलो. मला सांगायचं होतं तुम्हाला. सांगताच येत नव्हतं."

"मूर्ख आहेस," वहिनी म्हणाल्या. "एवढंसं सांगायला एवढं मोठं पुस्तक?" त्यांनी हात पुढे केला, चाचपडत कवळीवाल्यांचा हात शोधला आणि धरून ठेवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण बाळ्या, हे पुस्तकात आलं नाही ते एका परीने बरंच झालं."

"का हो?"

"शंभर जणांनी खाली 'अप्रतिम' लिहिलं असतं. मला सोसलं नसतं ते."

कवळीवाले हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले, चांगले हुंदके देऊन. वहिनींनी थांबवलं नाही. रडून झालं तेव्हा म्हणाल्या, "झालं? आता पुढे वाच. ती बाहेर येते तिथवर."

त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि वाचायला लागले.